शैला, अडलेल्या शेळीचं प्रकरण वाचून झालं

शैला,

तू गेल्याचं कळल्यावर आपल्या वाचून दाखवणाऱ्या मंडळींनी पहिलं काय केलं असेल, सांग. तुझा फोटो टाकला, आणि तोही ऐकणाऱ्यांच्या ग्रुपवर. जरीच्या साडीतला, वरून हार चिकटवलेला, खाली समई. एकानं टाकला म्हणून दुसऱ्यानं टाकला. त्यात तू नीट दिसत नव्हतीस म्हणून तिसरीनं आणखी एक टाकला. ज्या ग्रुपवरच्या माणसांना दिसत नाही म्हणून आपण तो ग्रुप काढला, तिथं दुपारपर्यंत तुझे फोटोच फोटो. त्यांचे मोबाइल बिचारे पडद्यावर जे येईल ते बोलून दाखवतात. ते बोलत राहिले: फोटो. फोटो. जोडलेले हात. फोटो. रडणारा चेहरा. जोडलेले हात.

मी तुझ्या घरी होते, त्यामुळे मोबाइलकडे लक्ष नव्हतं. तेवढ्यात सांगोल्याकडच्या धोंडीरामचा फोन आला. म्हणाला, "बाई, सकाळधरनं मोबाइल नुसता हात जोडतोय. कोन गेलं?"

मी सांगितलं. मागे शेळ्या ओरडत होत्या, त्याची बायको हिराबाई कुणाला तरी हाकलत होती. मग तो म्हणाला, "लई वाईट झालं." आणि अगदी चोरट्या आवाजात त्यानं विचारलं, "बाई, ह्या येळंला इचारू नये, पर शेळीचं राहिलेलं आता कोन वाचनार?"

विचारलं आणि लगेच माफी मागायला लागला. मी त्याला म्हटलं, माफी कसली, बरोबर विचारलंत. खरं सांगू का, त्या दिवसात माझ्याशी कामाचं बोललेला तो एकटाच माणूस. बाकीचे सगळे मला पाणी पी म्हणत होते.

या फोटोंच्या प्रकारावर तू हसून लोळली असतीस. मी मात्र चिडले असते, आणि तू म्हणाली असतीस, "असू दे की गं. त्यांना काहीतरी द्यायचंय, त्यांच्याकडे फोटो हाय, त्यांनी फोटो दिला." तुझ्या-माझ्यातला सगळा वाद एवढाच होता. इतकी वर्षं तो आपण फोनवर, तुझ्या स्वयंपाकघरात, माझ्या स्कूटरवर, एकदा तर तुझ्या भाच्याच्या लग्नात अक्षता टाकता टाकता घातला. देणाऱ्याकडे जे आहे ते आधी घ्यायचं, की घेणाऱ्याला काय हवंय ते आधी विचारायचं? तू देणाऱ्याच्या बाजूची, मी घेणाऱ्याच्या.

सुरुवात तुझ्या सासूबाईंपासून झाली, ही गोष्ट तू प्रत्येकाला सांगायचीस, त्यामुळे मलाही ती पाठ आहे. त्यांची नजर गेली आणि पेपर वाचता येईना. तू शाळेत जायच्या आधी पेपर वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायचीस, त्या दिवसभर पुरवून पुरवून ऐकायच्या. मग त्यांच्या मैत्रिणींना ते हवंसं झालं, मग मैत्रिणींच्या ओळखीतल्यांना. तू शाळेतून निवृत्त झालीस तेव्हा ग्रुप चांगलाच फुगला होता आणि त्यात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. तेव्हा तू मला बोलावलंस. "सुनंदे, तुला याद्या करायची खोड हाय. इथं कर." हे तुझं निमंत्रण.

मी येऊन पाहिलं तर वाचणारे आणि ऐकणारे एकाच ग्रुपवर. कुणी कादंबरीचं प्रकरण वाचून टाकलं की बाकीचे वाचणारे तुटून पडायचे: अप्रतिम, वा, काय आवाज, डोळे पाणावले. त्या कौतुकाच्या ढिगाखाली एखाद्या ऐकणाऱ्यानं बोलून पाठवलेलं असायचं, "विजेच्या बिलावर मागच्या बाजूला काय लिहिलंय ते कुणी वाचेल का?" ते कुणी ऐकायचंच नाही. चार दिवसांनी तोच माणूस पुन्हा विचारायचा, आणखी अदबीनं. मी पहिल्याच आठवड्यात दोन ग्रुप वेगळे केले. वाचणाऱ्यांनी वाचणाऱ्यांचं कौतुक तिकडे करावं. ऐकणाऱ्यांनी जे मागितलं असेल त्याची मी यादी करणार, आणि यादीतलंच वाचलं जाईल.

तुला ते पोलिसी वाटलं. तू म्हणालीस, घरी आलेल्या पाहुण्यानं पेढे आणले तर कुणी परत करतं का? मी म्हटलं, घरात सगळ्यांना साखरेचा आजार असला तर करतात. तू मला त्या दिवसापासून हेडक्लार्कबाई म्हणायला लागलीस. मी कॉलेजच्या ऑफिसात खरोखरच हेडक्लार्क आहे, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही, आणि तुला त्याचाच राग यायचा.

दिगंबरराव तर आपल्या वादाचं मुख्य मैदान. बँकेतून निवृत्त झालेले, भारदस्त आवाज, शुद्ध उच्चार, आणि प्रत्येक प्रकरणाआधी पेटी. नुसते दोन सूर नाहीत, चांगली आलापीसकट. प्रकरण संपलं की पुन्हा पेटी. आणि आपले बहुतेक ऐकणारे ऐकतात दुप्पट वेगानं. त्यांच्या कानांना सवय असते, सावकाश ऐकायला त्यांना वेळ नसतो. दुप्पट वेगात दिगंबररावांची पेटी म्हणजे उंदीर पिंजऱ्यात सापडल्यासारखी. मी एकदा स्वतः ऐकून पाहिली आणि चहा सांडला. म्हटलं, यांना सांग, पेटी बंद. तू म्हणालीस, सांगायचं तर तू सांग. मी सांगायला निघाले तर माझा हात धरलास.

मग तू काय केलंस? बार्शीच्या आजी शोधून काढल्यास. मुलगा परगावी, मोठं घर, दुपारी एकट्या. त्यांना कादंबरीशी घेणंदेणं नव्हतं, वेगाशी तर नव्हतंच. त्यांना दुपारी घरात कुणी पुरुषमाणूस बोलत असल्यासारखं हवं होतं. दिगंबरराव त्यांना दुपारी लावून दिले. आजी म्हणाल्या, पेटी वाजली की शेजारीण भिंतीपलीकडून विचारते, पाहुणे आले का म्हणून. त्या म्हणतात, व्हय, आलेत.

तू हे मला विजयी मुद्रेनं सांगितलंस. मी म्हटलं, हे उलटं झालं. आपण पेटीला गिऱ्हाईक शोधलं. तू म्हणालीस, "मग? शोधलं की. त्यात काय चुकलं? आजींना हवं होतं, पण ते मागायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं." मी तेव्हा उत्तर दिलं नाही. देण्यासारखं नव्हतं असं नाही. शिट्टी झाली होती आणि तुझा कुकर उतरवायचा होता.

पण एका गोष्टीत मी तुझं नेहमीच ऐकलं. दर रविवारी ऐकणाऱ्यांना करायचे फोन. मी त्यांना विचारायची, आवडलं का? सगळे म्हणायचे, छान, छान. आपली माणसं फुकट मिळालेल्याला नाव ठेवत नाहीत. तू कधीच आवडलं का विचारलं नाहीस. आधी जेवण झालं का, पाऊसपाणी कसं, सुनेचं दुखणं कुठवर आलं, हे सगळं झाल्यावर सहज विचारायचीस, "परवा ऐकता ऐकता कुठं डोळा लागला?" की मग लोक खरं बोलायचे. कुठं झोप लागली, कुठं कंटाळून बंद केलं, कुठं बाईचा आवाज इतका गोड झाला की शब्दच कळेना. ते सगळं तू मला सांगायचीस आणि मी यादीत फिरवाफिरव करायची. आपण दोघी मिळून एक बरी बाई होतो, शैला. एकटी एकटी दोघीही अर्धवट.

अशाच एका रविवारी तुला धोंडीराम सापडला. तो ग्रुपवर कधीच काही मागायचा नाही. तू पाऊसपाण्याचं विचारलंस तर पाऊस नाही म्हणाला, आणि मग बोलत सुटला. डोळे मोठेपणी गेले. घरच्या शेळ्या बापाच्या वेळेपासूनच्या. आता भाऊबंद म्हणतात, आंधळ्यानं शेळ्या काय राखायच्या, विकून टाक. हिराबाईचं म्हणणं, ठेवू, पण मला एकटीला सगळं झेपत नाही, कुठली लस कधी, काय झालं तर काय करायचं, तुम्ही सांगा, मी करते. पशुवैद्यकीय दवाखान्यातून मिळालेली एक पुस्तिका घरात होती. हिराबाईला वाचता येत नाही, याला दिसत नाही. त्याचं वाक्य तू मला जसंच्या तसं सांगितलंस. "शेळ्या गेल्या की म्या बाजंवरचा मानूस. मग मला कोन काय इचारनार?"

ती मागणी मी वाचणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकली. शेळीपालन, रोग व उपचार, प्रसूती व करडांची निगा. जणू ग्रुपवर कुणीच नव्हतं. ज्यांचे डोळे रोज पाणावायचे त्यातल्या एकाचाही डोळा तिकडे वळला नाही. एक बाई म्हणाल्या, माझ्या आवाजाला ते शोभणार नाही. मी तुला फोन केला आणि म्हटलं, बघ, हे तुझे देणारे. तू म्हणालीस, "मी वाचते. बोलू नकोस."

आणि वाचलंस. देवा, काय वाचलंस! आयुष्यभर शाळेच्या गॅदरिंगची नाटकं बसवलेली बाई तू, तुला शेळीची पोटफुगी म्हणजे तिसरा अंक वाटला. "शेळी अस्वस्थ होते," असं म्हणून तू इतकी थांबायचीस की मला वाटायचं फोन कटला. "डावी कूस... फुगते." आंत्रविषार या आतड्याच्या रोगाच्या वेळी तर तुझा गळा दाटून आला होता. मी ऐकलं आणि तसंच पुढे पाठवलं, कारण त्यात मधेच "थांबा हं, पाणी पिते," असं होतं, आणि पाणी प्यायल्याचा आवाजही होता, आणि तो मला आवडायचा.

रविवारी धोंडीरामला तू तुझा नेहमीचा प्रश्न विचारलास. तो म्हणाला, "ताई, झोप कुटली लागतीय. तुमी असं वाचता की हिरी मधीच उठून शेळ्या बघून येती, मेली का जिती हाय म्हनून. जरा सरळ वाचा की."

तुझ्या आवाजाला कुणीतरी नाव ठेवण्याची ती पहिलीच वेळ. तू दोन दिवस माझ्याशीही बोलली नाहीस, जसं काही मीच त्याला पढवलं होतं. मग तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणालीस, चल, पहिल्यापासून वाचते, सपाट. आणि तू पुन्हा वाचलंस. तुला किती कष्ट पडले असतील ते मला माहीत आहे. पोटफुगी तू अशी वाचलीस की जणू रेल्वेचं वेळापत्रक. फक्त आंत्रविषाराला एकदा आवाज हललाच. मी तो तसाच ठेवला.

पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. गाभण शेळीची काळजी, शेळी विताना, अडलेली शेळी, करडांची निगा. पहिली दोन पानं तू वाचलीस, आणि त्याच्या शेवटी तू म्हणतेस, "आता बास. घसा बसला. उरलेलं उद्या." मी एरवी असली वाक्यं कापते, नीटनेटकं असावं म्हणून. ते मी कापलेलं नाही, आणि का, ते तुला सांगत बसणार नाही.

त्यानंतर धोंडीरामचा तो फोन. त्याच्या शेळ्या गाभण होत्या, दिवस भरत आले होते, आणि पुस्तिका मधेच तुटलेली. तुझ्या घरचं आवरून मी संध्याकाळी जुळे सोलापूरला माझ्या घरी परतले आणि राहिलेल्या प्रकरणाच्या पानांचे फोटो वाचणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, शैलाताईंचं अर्धवट राहिलेलं काम, कोण पूर्ण करेल? कुणाला कुठलं पान हे लिहायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. एरवी मी स्वप्नातही असं करत नाही.

आता ऐक काय झालं. ज्या पुस्तिकेला कुणी हात लावत नव्हतं, ती सगळ्यांनी वाचली. सगळ्यांनी पहिलं पान वाचलं, "शेळी विताना". प्रत्येकाला वाटलं, आपण सुरुवात करावी, पुढचं दुसरे करतील. आणि प्रत्येकानं आधी तुला श्रद्धांजली वाहिली. कुणी तुझ्या स्वभावावर बोललं, कुणी कविता म्हटली, दिगंबररावांनी पेटीवर काहीतरी करुण वाजवलं आणि मग एकदम, "शेळीला कोरड्या, स्वच्छ जागी बांधावे." मी दिवसकार्याच्या गडबडीत न ऐकताच ते सगळं पुढे पाठवून दिलं. यादीत त्यासमोर टिकसुद्धा केली.

धोंडीरामनं सगळं ऐकलं. एकानं तरी पुढचं वाचलं असेल म्हणून ऐकत गेला. मग मला फोन. म्हणाला, "बाई, एकाच शेळीचं बाळातपन अख्ख्या सोलापुरानं केलंय. पर अडली तर काय करायचं, त्ये कुनीच सांगितलं न्हाय."

मी हसले, शैला. तू गेल्यानंतर पहिल्यांदा, ऑफिसच्या खिडकीशी बसून, मोठ्यानं. तोही हसला. मी म्हटलं, आज घरी गेल्यावर बघते. तो म्हणाला, काही घाई नाही, अजून आठ-दहा दिवस आहेत.

शेळीला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी काही वाचून पाठवायच्या आतच, दुसऱ्याच दिवशी भर दुपारी त्याचा फोन. प्रवेशाचे दिवस, माझ्या खिडकीसमोर पोरांची ही रांग. एरवी मी अशा वेळी फोन घेत नाही. त्याच्या आवाजात काही अजीजी नव्हती, नुसतं काम होतं. शेळीला कळा येऊन बराच वेळ झाला, पाणमोट फुटली, दोन पाय दिसतायत आणि पुढे काही सरकत नाही. डॉक्टरांना फोन केलाय, ते पलीकडच्या गावात गायीकडे आहेत, निघालेत. भाऊ दारात येऊन उभा राहिलाय आणि म्हणतोय, सांगत होतो विकून टाक. "बाई, त्ये पान तुमच्याजवळ हाय का?"

पान मोबाइलमध्ये होतं. मोबाइल कानाला होता. मी त्याला ऑफिसच्या फोनवरून उलट फोन लावला, मोबाइल समोर धरला आणि वाचायला लागले. माझा आवाज तुला माहीत आहे. तू म्हणायचीस, एसटी स्टँडवरची बाई बरी. मी तसंच वाचलं. हात साबणानं धुवावेत, नखं काढलेली असावीत, हाताला गोडं तेल लावावं. तो माझं वाक्य हिराबाईला पुन्हा सांगायचा, आणि मग म्हणाला, "थांब हिरे, म्याच बघतो. बगायला डोळं कशाला लागत्यात." मी पुढे वाचलं. दोन पायांच्या मध्ये डोकं लागतं का ते पाहावं. डोकं मागे वळलेलं असल्यास पाय ओढू नयेत. कळ नसताना पिल्लू हलक्या हातानं थोडं मागे सारून डोकं सरळ करावं. कळेबरोबर, खालच्या दिशेला, सावकाश.

तो मधेच म्हणायचा, "फुडं." किंवा "त्येच परत." मी तेच परत वाचायची. आणि शैला, माझ्या रांगेतली पोरं कान देऊन ऐकत होती. एरवी खिडकीशी नुसता गलका. मी "खालच्या दिशेला, सावकाश" तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा पुढे उभी असलेली पोरगी कागद छातीशी धरून माझ्या तोंडाकडे बघत होती, जणू तिचाच प्रवेश अडलाय.

मग फोनमधून खूप आवाज आले एकदम, त्यात हिराबाईचा सगळ्यात मोठा, आणि त्यात एक अगदी बारीक, चिरका. धोंडीराम पुन्हा फोनवर आला. म्हणाला, आलं. जिवंत हाय. मागचं आनी एक हाय, त्ये आपलंआपन येतंय.

रांगेतून कुणीतरी खेड्यातल्या पोरानं विचारलं, "मॅडम, पाठ का बोकड?" मी फोनवर तोच प्रश्न विचारला. पहिली पाठ होती, म्हणजे मादी. मी रांगेला तसं सांगितलं, आणि पुढच्या पोरीचा फॉर्म हातात घेतला. फोटो चिकटवलेला नव्हता. तिला एक शब्द बोलले नाही.

डॉक्टर आले, तपासून, इंजेक्शन देऊन गेले. धोंडीरामच्या भावानं संध्याकाळी येऊन विचारलं म्हणे, त्याच्याकडची एक म्हैस खात नाही, काय करावं? हे सांगताना धोंडीराम इतका खूश होता की मला वाटलं, ती म्हैस त्यानंच आजारी पाडली की काय. माझ्या वाचनाबद्दलही त्यानं मत दिलं. "तुमचं वाचनं बेस. तुमाला त्यातलं काय कळत न्हाय, म्हनून मधी लुडबूड न्हाय." इतकं नेमकं कौतुक माझ्या साहेबांनी आजवर केलेलं नाही.

तू हे ऐकायला हवं होतंस. तुला सांगितल्याशिवाय कुठलीही गोष्ट माझ्याकडे नीट पूर्ण होत नाही, हे मला आताच कळतंय. घडतं, मी खूण करते, आणि मग फोन उचलते. फोन उचलल्यावर काय करायचं ते सुचत नाही, म्हणून बार्शीच्या आजींना लावते. त्यांना आता शेळी, करडू, म्हैस सगळं ठाऊक आहे.

रविवारचे फोन मी करायला घेतले आहेत. मला ते जमत नाही. मी जेवण झालं का विचारते आणि लोक झालं म्हणतात, आणि मग आम्ही दोघंही गप्प. तू हे कसं करायचीस, कधी विचारलं नाही. मला वाटायचं, तू नुसती गप्पा मारतेस आणि खरं काम मी करते. असो. शिकतेय.

परवाच्या रविवारी धोंडीरामला फोन केला तर त्यानंच मला विचारलं. म्हणाला, सगळी मला वाचून दाखवतात, मी कुणाला काय देत नाही, हे बरं दिसत नाही. मला एक गोष्ट सांगायचीय ग्रुपवर. माझा आजा मेंढरं घेऊन कोकणात उतरला, त्याची. रोज चारताना थोडी थोडी सांगायचा, पुरती ऐकायला एक हंगाम लागायचा. मोबाइलवर बोलून पाठवू का?

मी अगदी माझ्या पद्धतीनं विचारलं, ही कुणी मागितलीय का?

"न्हाय," तो म्हणाला. "कोन मागनार, बाई? कुनाला ठावं हाय ती?"

शैला, मी इकडे खुर्चीत बसून राहिले. तुझा कुकर नव्हता, माझ्या घरात कुणी हाक मारत नव्हतं, उठून जायला काही निमित्तच नव्हतं. इतकी वर्षं तू जे मला वळसे घालून सांगत होतीस, ते त्यानं एका श्वासात विचारलं आणि उत्तराची वाट बघत थांबला. मी म्हटलं, पाठवा.

पहिला भाग आला. त्यात गोष्ट कमी आणि करडांचा ओरडा जास्त, हिराबाई दोनदा मधे येऊन त्याचं चुकलेलं दुरुस्त करते, मेंढरं निघायच्या आधी आज्याच्या तीन भावांची भांडणं येतात. मी एकही शब्द न कापता पुढे पाठवला. मनात म्हटलं, ऐकून कुणी काही बोलणार नाही, आणि हे आपोआप थांबेल.

दुसऱ्या दिवशी बार्शीच्या आजींचा फोन. मग अक्कलकोटला आपलं ऐकणाऱ्या मास्तरांचा. मग दिगंबररावांचा, ते ऐकणाऱ्यांतले नाहीत, तरी. सगळ्यांचा प्रश्न एकच, पुढचा भाग कधी? मेंढरं घाट उतरली का? मी सांगितलं, मला माहीत नाही. आजी म्हणाल्या, मग लावा की त्याला फोन, बसलाय काय?

म्हणजे मागणी आली. आधी दिलं, मग आली.

तुझं बरोबर होतं असं मी अजून कुणाला म्हटलेलं नाही, या पत्रातही म्हणत नाहीये. विजेचं बिल कुणीतरी वाचायलाच हवं, आणि ते यादीशिवाय कुणी वाचत नाही, हा माझा मुद्दा तसाच उभा आहे. तुझा तुझ्या जागी आहे. रोज ऑफिसातून येताना मी तुझ्याशी त्यावर भांडते, सात रस्त्याच्या चौकापासून घरापर्यंत, हेल्मेटच्या आत. तुझं बरोबर होतं असं एकदा म्हटलं की ते भांडण संपेल, आणि मला ते संपवायचं नाही.